एकच कम्प्युटर, वापरणारे अनेक: दुसऱ्याच्या वापरावर मर्यादा कशी घालतात?

घरात एकच कम्प्युटर असतो. सकाळी त्यावर ऑफिसचं काम आणि बँकेचे व्यवहार होतात, दुपारी मुलांचा अभ्यास आणि रात्री गेम. झेरॉक्सच्या दुकानात, सोसायटीच्या ऑफिसात, क्लासमध्येही हीच स्थिती असते. मशीन एक आणि हात चार-पाच जणांचे.

मग कधीतरी कोणीतरी नको ते सॉफ्टवेअर टाकतं, एखादी महत्त्वाची फाइल उडते किंवा मुलं रात्री दोनपर्यंत व्हिडिओ पाहत असल्याचं लक्षात येतं. अशा वेळी बहुतेक जण आधी एखादं 'ब्लॉकर' ॲप शोधतात. पण खरं कुलूप ॲपमध्ये नसतं. ते कम्प्युटरच्या अकाउंटमध्ये असतं आणि त्यासाठी वेगळे पैसे मोजावे लागत नाहीत.

सगळ्यांचं एकच अकाउंट, इथेच खरी अडचण

विंडोजमध्ये मुख्यतः दोन प्रकारची अकाउंट्स असतात: ॲडमिनिस्ट्रेटर आणि स्टँडर्ड. नवीन कम्प्युटर सुरू करताना तयार होणारं पहिलं अकाउंट ॲडमिनिस्ट्रेटर असतं. बहुतेक घरांत पुढची कित्येक वर्षं सगळे तेच वापरतात.

ॲडमिनिस्ट्रेटर म्हणजे घराच्या सगळ्या चाव्या असलेला माणूस. तो कोणतंही सॉफ्टवेअर टाकू शकतो, काढू शकतो, दुसऱ्याचं अकाउंट बंद करू शकतो, त्याच्या फाइल्सही उघडू शकतो. साहजिकच, त्याच्यावर घातलेली मर्यादा तो स्वतःच काढूनही टाकू शकतो. त्यामुळे ज्याला अडवायचं आहे तोच ॲडमिनिस्ट्रेटर असेल, तर पुढचे सगळे उपाय फुकट जातात.

क्रोममध्ये प्रत्येकाचं वेगळं प्रोफाइल केलं की काम झालं, असाही समज असतो. पण ती प्रोफाइल्स सोयीसाठी असतात, सुरक्षेसाठी नाही. विंडोजचं अकाउंट एकच असेल, तर एका क्लिकवर दुसऱ्याचं प्रोफाइल उघडतं आणि त्यातले लॉगिनही.

पहिलं पाऊल: स्टँडर्ड अकाउंट

विंडोज ११ मध्ये 'सेटिंग्ज', मग 'अकाउंट्स', मग 'अदर युजर्स' असा मार्ग आहे. इथे नवीन अकाउंट जोडता येतं. आधीपासून असलेल्या अकाउंटचा प्रकार 'चेंज अकाउंट टाइप' मधून बदलता येतो. विंडोज १० मध्ये हाच विभाग 'फॅमिली अँड अदर युजर्स' या नावाने दिसतो. मात्र विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आहे. सामायिक कम्प्युटरच्या सुरक्षेचा विचार करताना ही गोष्टही लक्षात घ्यायला हवी.

क्रम महत्त्वाचा आहे. आधी एक ॲडमिनिस्ट्रेटर अकाउंट पक्कं करायचं, त्याला कोणालाही अंदाज येणार नाही असा पासवर्ड द्यायचा आणि मगच बाकीच्यांची अकाउंट्स स्टँडर्ड करायची. जाणकार तर स्वतःच्या रोजच्या कामासाठीही स्टँडर्ड अकाउंटच वापरायला सांगतात. चुकून एखादी घातक फाइल उघडली गेली, तरी तिला संपूर्ण कम्प्युटरचा ताबा सहजासहजी मिळत नाही.

स्टँडर्ड अकाउंट वापरणाऱ्याला सगळ्यांसाठी सॉफ्टवेअर टाकता येत नाही, फायरवॉल बंद करता येत नाही, कम्प्युटरची तारीख-वेळ बदलता येत नाही आणि दुसऱ्याचं फोल्डर उघडता येत नाही. असं काही करायला गेलं की विंडोज ॲडमिनिस्ट्रेटरचा पासवर्ड मागतं. 'युजर अकाउंट कंट्रोल' नावाची ही सोय २००७ मध्ये बाजारात आलेल्या विंडोज व्हिस्टापासून आहे.

तरी काही गोष्टी स्टँडर्ड अकाउंटमधूनही होतात. क्रोमसारखे काही प्रोग्राम फक्त त्या वापरकर्त्याच्या फोल्डरमध्ये बसतात आणि त्यासाठी ॲडमिनिस्ट्रेटरची गरज पडत नाही. पेन ड्राइव्हवरून थेट चालणारे ब्राउझरही असतात. म्हणजे स्टँडर्ड अकाउंट हा पाया आहे, पूर्ण भिंत नव्हे.

इंटरनेट कुठे अडवायचं?

इंटरनेटवर मर्यादा घालण्याच्या तीन जागा आहेत. प्रत्येक जागी अडवलं जाणारं माणूस किंवा मशीन वेगळं असतं. गोंधळ होतो तो इथेच.

१. वापरकर्त्याच्या पातळीवर: मुलांसाठी मायक्रोसॉफ्टची 'फॅमिली सेफ्टी' ही मोफत सोय आहे. त्यासाठी मुलाचं मायक्रोसॉफ्ट अकाउंट लागतं. रोज किती वेळ कम्प्युटर वापरता येईल, कोणत्या साइट उघडतील, हे त्यातून ठरवता येतं. तिचं वेब फिल्टर एज ब्राउझरमध्ये काम करतं. फिल्टर चालू असताना इतर प्रचलित ब्राउझर अडवले जातात. घरातल्या इतरांच्या अकाउंटवर याचा परिणाम होत नाही. एखाद्याचं इंटरनेट पूर्ण बंद ठेवायचं असेल, तर विंडोज फायरवॉलच्या 'ॲडव्हान्स्ड' भागात बाहेर जाणाऱ्या कनेक्शनचा नियम ठराविक वापरकर्त्यापुरता लावता येतो. ते काम थोडं किचकट आहे.

२. कम्प्युटरच्या पातळीवर: 'होस्ट्स' नावाच्या फाइलमध्ये साइटचं नाव लिहून ती अडवण्याची पद्धत खूप जुनी आहे. पण ही फाइल संपूर्ण कम्प्युटरसाठी एकच असते. मुलासाठी बंद केलेली साइट आईसाठीही बंद होते. शिवाय एकाच साइटचे वेगवेगळे पत्ते असतील, तर प्रत्येक पत्ता वेगळा लिहावा लागतो.

३. राउटरच्या पातळीवर: घरातल्या वायफाय राउटरवर वेळेचं बंधन घालता येतं किंवा एखादं उपकरण अडवता येतं. पण राउटरला कम्प्युटर दिसतो, त्यापुढे कोण बसलंय ते दिसत नाही. त्यामुळे सामायिक कम्प्युटर राउटरवर अडवला, की तो सगळ्यांसाठीच अडतो. राउटरचा खरा उपयोग घरभर एकच नियम लावण्यासाठी होतो. उदाहरणार्थ, क्लाउडफ्लेअर कंपनीची १.१.१.३ या पत्त्याची मोफत डीएनएस सेवा घातक आणि अश्लील साइट गाळते. राउटरच्या सेटिंगमध्ये हा पत्ता इंग्रजी अंकांत टाकला, की वायफायवरच्या सगळ्या उपकरणांना तो नियम लागू होतो. अर्थात त्याआधी राउटरचा कंपनीने दिलेला मूळ पासवर्ड बदलायला हवा.

इंटरनेट बंद करण्यासाठी खोटी प्रॉक्सी सेटिंग टाकण्याची एक युक्ती पूर्वी बरीच चालायची. ती सेटिंग साधा वापरकर्ताही अर्ध्या मिनिटात काढून टाकू शकतो, म्हणून तिच्यावर विसंबण्यात अर्थ नाही.

मॅक आणि लिनक्सवर

मॅकवरही ॲडमिनिस्ट्रेटर आणि स्टँडर्ड अशीच विभागणी आहे. २०१९ च्या 'कॅटालिना' आवृत्तीपासून तिथे 'स्क्रीन टाइम' आलं. वेळेची मर्यादा, ॲप्सवर बंधन आणि साइट अडवणं अशा तिन्ही गोष्टी त्यात आहेत. स्क्रीन टाइमसाठी वेगळा पासकोड ठेवता येतो.

लिनक्समध्ये ज्याला 'सुडो'चा अधिकार नाही, तो सिस्टीममध्ये बदल करू शकत नाही. 'आयपीटेबल्स' या फायरवॉलमध्ये वापरकर्त्याच्या क्रमांकानुसार नियम लिहिता येतो. त्यामुळे एकाच मशीनवर एकाचं इंटरनेट बंद आणि दुसऱ्याचं चालू, हे तिथे नेमकेपणाने जमतं.

पळवाटा कोणत्या?

सर्वांत सोपी पळवाट खिशात असते. राउटरवर इंटरनेट बंद असलं, तरी मोबाइलचं हॉटस्पॉट सुरू करून कम्प्युटर जोडता येतो. राउटरवरचे सगळे नियम तिथे संपतात, अकाउंटवरचे नियम मात्र कायम राहतात. व्हीपीएन हीदेखील नेहमीची वाट आहे. सॉफ्टवेअर टाकण्याचा अधिकार नसेल, तर ती अरुंद होते.

दुसरी पळवाट पेन ड्राइव्हची. पेन ड्राइव्हवर लिनक्स घेऊन त्यावरूनच कम्प्युटर सुरू केला, तर विंडोजचे नियम लागूच होत नाहीत. ते अडवायचं असेल, तर बायोसला पासवर्ड लावून बाहेरच्या ड्राइव्हवरून सुरू होण्याची सोय बंद करावी लागते. शिवाय हार्ड डिस्क एनक्रिप्ट केली, तर अशा मार्गाने आलेल्याला फाइल्स वाचता येत नाहीत.

तिसरी पळवाट सर्वांत साधी आहे: ॲडमिनिस्ट्रेटरने लॉगिन करून ठेवलेला कम्प्युटर. चहाला उठताना विंडोज आणि 'एल' ही दोन बटणं एकत्र दाबली, की स्क्रीन लॉक होतो. ही सवय नसेल, तर बाकीची मेहनत वाया जाते.

दुकान आणि सायबर कॅफेत

ग्राहक किंवा विद्यार्थी वापरतात अशा कम्प्युटरसाठी विंडोजच्या प्रो आवृत्तीत 'किऑस्क' पद्धत आहे. त्यात त्या अकाउंटवर फक्त ठरवलेलं एकच ॲप उघडतं. ग्रुप पॉलिसी एडिटरमधून कंट्रोल पॅनेलसारखे भाग बंद करता येतात. होम आवृत्तीत हा एडिटर मिळत नाही.

सायबर कॅफेंना तर कायद्यानेच काही बंधनं आहेत. २०११ च्या नियमांनुसार ग्राहकाची ओळख पटवावी लागते, वापराची नोंद किमान एक वर्ष ठेवावी लागते आणि अश्लील साइट टाळण्यासाठी फिल्टर सॉफ्टवेअर वापरण्याचीही तरतूद आहे. केबिनच्या आडोशाची उंची साडेचार फुटांपेक्षा जास्त ठेवता येत नाही.

मर्यादा घालणं आणि पाळत ठेवणं

साइट अडवणं आणि दुसऱ्याने काय टाइप केलं ते चोरून नोंदवणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० च्या कलम ४३ मध्ये मालकाच्या किंवा ताबा असलेल्या व्यक्तीच्या परवानगीशिवाय कम्प्युटर वापरणं आणि त्यातली माहिती घेणं येतं. तेच अप्रामाणिकपणे किंवा फसवणुकीच्या हेतूने केलं, तर कलम ६६ नुसार तीन वर्षांपर्यंत कैद, पाच लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. दुसऱ्याचा पासवर्ड अशाच हेतूने वापरल्यास कलम ६६सी लागू होतं. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचं स्पष्ट केलं आहे.

इंटरनेट बंद करण्यालाही सीमा आहे. कोझिकोड जिल्ह्यातल्या एका कॉलेजच्या मुलींच्या वसतिगृहात संध्याकाळी ६ ते रात्री १० मोबाइल वापरायला बंदी होती. ती न मानणाऱ्या विद्यार्थिनीला वसतिगृहातून काढण्यात आलं. सप्टेंबर २०१९ मध्ये केरळ उच्च न्यायालयाने तिच्या बाजूने निकाल दिला. इंटरनेट वापरता येणं हा शिक्षणाच्या आणि खासगीपणाच्या हक्काचा भाग असल्याचं त्या निकालात म्हटलं आहे.

त्यामुळे कोणावर मर्यादा घातली जातेय, हा प्रश्न तंत्राइतकाच महत्त्वाचा ठरतो. आठ वर्षांच्या मुलासाठी कडक फिल्टर समजू शकतं. बारावीच्या मुलीशी बोलून वेळ ठरवणं जास्त टिकतं, कारण तिच्या हातात मोबाइलही असतोच. दुकानातल्या कामगाराला काय बंद आहे, कशाची नोंद होते, हे आधीच सांगितलेलं बरं. आणि घरातल्या दुसऱ्या प्रौढ व्यक्तीचं इंटरनेट तिच्या संमतीशिवाय बंद करणं ही सुरक्षा नसून तिच्यावरचा ताबा आहे.

थोडक्यात

प्रत्येकाला वेगळं अकाउंट, ॲडमिनिस्ट्रेटरचा पासवर्ड एकाच जबाबदार व्यक्तीकडे, मुलांसाठी त्यांच्या अकाउंटवर फिल्टर, घरभराचा नियम राउटरवर आणि उठताना स्क्रीन लॉक. एवढं केलं तर बहुतेक घरांत आणि दुकानांत वेगळ्या ॲपची गरज पडत नाही.