हळदीचं दूध : ओली हळद, सुकी हळद आणि आपला चिमूटभर हिशोब



गेल्या आठवड्यात परदेशातल्या भाचीचा फोन आला. "मावशी, इथे आता सगळे आपलं हळदीचं दूध पितात! मी कृती पाठवते, बघ." कृती आली. ओली हळद किसून, ओलं आलं किसून, वरून चमचाभर मध आणि रात्री झोपताना प्या. मला हसू आलं आणि थोडं वाईटही वाटलं. नाव आपलं, पण आत एकही गोष्ट आपल्या घरातली राहिली नव्हती. ओली हळद आणि ओलं आलं कंदमूळ, मध वर्ज्य, आणि वेळ रात्रीची.

भाचीने लगेच विचारलं, "पण मावशी, सुकी हळद तर आपण रोज आमटीत घालतो. तीही त्याच कंदाची ना? मग ओली का नाही?" खरं सांगते, मला पटकन उत्तर देता आलं नाही. लहानपणापासून "सुकी चालते, ओली नाही" एवढंच ऐकलेलं. म्हणून चार दिवस जुनं-नवं वाचून काढलं. ते आज तुमच्यापुढे मांडते.

हळद आपल्या देशात किती जुनी? हरियाणात फरमाणा नावाचं सिंधू संस्कृतीच्या काळातलं गाव उत्खननात सापडलं. तिथल्या मडक्यांना आणि माणसांच्या दातांना चिकटलेले पिष्टकण संशोधकांनी तपासले, तेव्हा त्यांत हळद आणि आलं निघालं. म्हणजे सुमारे ४५०० वर्षांपूर्वी कुणीतरी बाई चुलीपाशी बसून हळद घालून काहीतरी शिजवत होती. पुढे चरकसंहितेत हळद 'हरिद्रा' नावाने येते. विषावरची, त्वचारोगावरची आणि शरीरातली चरबी खरवडून काढणारी, अशा औषधांच्या गटांत तिची गणती आहे. वैद्यांचं 'हरिद्राखंड' तर हळद, दूध, तूप आणि साखर यांतूनच होतं. अंगावर पित्त उठलं की ते देतात. तेव्हा हळद आणि दुधाची जोडी नवी नाही. पण ती औषध म्हणून होती, हौसेचं पेय म्हणून नव्हती. आपल्या घरांतही हे दूध मिळायचं ते पडल्यावर, खोकल्यात, नाहीतर बाळंतिणीला.

आता आपल्या शास्त्राकडे वळू. श्वेतांबर परंपरेत बत्तीस अनंतकायांची प्राकृत यादी आहे. 'प्रवचनसारोद्धार' ग्रंथात ती मिळते. त्यात सुरण आहे, वज्रकंद आहे, आणि 'अल्लहलिद्दा' आहे. 'अल्ल' म्हणजे ओली, 'हलिद्दा' म्हणजे हळद. यादी करणाऱ्याने नुसतं 'हळद' लिहिलं नाही, मुद्दाम 'ओली हळद' लिहिलं. हे वाचलं आणि माझ्या मनातली अर्धी गाठ सुटली. आपल्या आज्या जो फरक सांगत होत्या तो शेकडो वर्षांपूर्वीच शब्दात बांधलेला होता.

फरक कशाचा? हळदीच्या रोपाला रुजणारं बी येत नाही. तिचा कंदच तिचं बी. ओल्या कंदाचा डोळा असलेला तुकडा मातीत पुरला की नवं रोप उभं राहतं. म्हणून तो सचित्त. आणि सुकी हळद कशी होते हे आमच्या सांगली भागातल्या बायकांना सांगायला नको. आठ-नऊ महिन्यांनी पीक काढतात, कंद मोठ्या काहिलीत पाण्यात उकळतात, मग दहा-पंधरा दिवस उन्हात वाळवतात आणि ड्रममध्ये घोळवून पॉलिश करतात. पाच किलो ओल्या हळदीची साधारण एक किलो सुकी हळद होते. असं हळकुंड मातीत पुरलं तर कधीच रुजत नाही. ते अचित्त झालेलं असतं. सुंठीचं गणितही तसंच.

पण भाची हुशार. म्हणाली, "मग बटाटाही उकडून वाळवून खाल्ला तर?" प्रश्न खोटा नाही. मी साधूंच्या आणि जाणत्यांच्या तोंडून ऐकलेलं उत्तर तिला दिलं. हळद आणि सुंठ चिमटीने खायच्या वस्तू आहेत. त्या औषध आणि मसाला म्हणून येतात, त्यांची चटक लागत नाही. बटाट्याचे वेफर्स आपण वाटीभर खातो आणि आणखी मागतो. अनंत जीवांची हिंसा करून जिभेचे लाड करणं आणि गरजेपुरती चिमूटभर वस्तू घेणं, यांत फरक आहे. म्हणजे ही सवलत दोन खांबांवर उभी आहे, एक सुकेपणाचा आणि दुसरा प्रमाणाचा. पहिला खांब सगळ्यांना आठवतो, दुसरा आपण विसरत चाललोय.

सांगलीचा उल्लेख आला म्हणून थोडं तिथलं सांगते. १८०१ मध्ये चिंतामणराव पटवर्धनांनी सांगलीचं वेगळं संस्थान उभं केलं आणि पुढे तिथली पेठ वाढत गेली. हळदीच्या व्यापाराने या गावाला नाव दिलं. जवळच्या हरिपुरात हळद साठवायला जमिनीत खोल पेवं खणलेली होती. त्या मातीत हळद वर्षानुवर्षं कीड न लागता राहायची. मी कॉमर्सची, त्यामुळे मला या पेवांचं फार कौतुक. ना वीज, ना औषधफवारणी, आणि माल शाबूत! २००५ च्या महापुरात पाणी शिरून त्यांतली पुष्कळ पेवं गेली. २०१८ मध्ये सांगलीच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळालं.

आणखी एक गोष्ट आपल्या मुलींना जरूर सांगा. १९९५ मध्ये अमेरिकेतल्या मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला हळदीने जखम भरण्याबद्दल पेटंट मिळालं. आपल्याकडे पडल्यावर लेकराच्या गुडघ्यावर आई जे लावते त्याचं पेटंट! तेव्हा सीएसआयआर या आपल्या संस्थेने डॉ. रघुनाथ माशेलकरांच्या नेतृत्वाखाली दाद मागितली. जुने ग्रंथ आणि लेख मिळून ३२ पुरावे दिले आणि १९९७ मध्ये ते पेटंट रद्द झालं. आपल्या आज्यांना जे तोंडी माहीत होतं ते कुणीतरी लिहून ठेवलं होतं, म्हणून आपण जिंकलो. मी हे सगळं लिहायचा खटाटोप करते त्यामागेही तेच कारण आहे.

लिहून ठेवण्यावरून उग्रादित्याचार्य आठवले. राष्ट्रकूट राजा अमोघवर्षाच्या काळातले हे जैन आचार्य. त्यांचा 'कल्याणकारक' हा वैद्यकाचा ग्रंथ १९४० मध्ये सोलापुरातून छापला गेला. मद्य, मांस आणि मध यांच्याशिवाय औषध होऊ शकतं हे त्यांनी अकराशे वर्षांपूर्वी मांडलं. तेव्हा "मध नसेल तर गुण येणार नाही" असं कुणी म्हणालं तर आपल्याकडे उत्तर आहे.

आता माझी कृती. एका माणसाला पाव चमचा हळद पुरे. २०२० मध्ये करोनाच्या काळात आयुष मंत्रालयाने १५० मिली गरम दुधात अर्धा चमचा सांगितली होती, त्याहून जास्त कधीच नको. हळद, दोन मिऱ्यांची पूड आणि चिमूटभर सुंठ आधी थोड्या पाण्यात दोन मिनिटं उकळा, म्हणजे कच्चट वास जातो. मग कपभर गाळून तापवलेलं दूध घाला, एक उकळी येऊ द्या, वरून पाव चमचा तूप आणि वेलची. गॅस बंद करून जरा निवलं की गूळ घाला. उकळत्या दुधात घातलात तर दूध फाटतं.

तूप आणि मिरी उगाच नाही. हळदीतलं कर्क्युमिन पाण्यात विरघळत नाही, स्निग्धात विरघळतं. आणि मिऱ्यातल्या पाइपरिनमुळे कर्क्युमिन रक्तात किती तरी जास्त पोचतं, हे बेंगळुरूच्या संशोधकांनी १९९८ मध्ये दाखवलं. त्यांनी वापरलेलं कर्क्युमिन आपल्या पाव चमच्यात असतं त्याहून फार जास्त होतं, म्हणून चमत्काराची अपेक्षा ठेवू नका. रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील किंवा पित्ताशयात खडे असतील तर आधी डॉक्टरांना विचारा. हळकुंड आणून घरीच दळलेलं बरं, कारण बाजारच्या पुडीत रंगाची भेसळ होते. ज्यांच्या घरी चौका लागतो त्या मर्यादेसाठी तसंही घरीच दळतात.

आणि वेळ? सूर्यास्ताच्या आधी. "झोपतानाच प्यावं" असं कुठल्या शास्त्राचं बंधन नाही. आम्ही संध्याकाळच्या जेवणाबरोबरच घेतो, आणि झोप छान लागते.

भाचीला हे सगळं सांगितल्यावर ती म्हणाली, "म्हणजे कॅप्सूल नको, लोटाभर नको, रोज नको?" मी म्हटलं, बरोबर. हळद आपल्याला मिळाली आहे ती चिमटीने. चिमूट सोडून मूठ भरली की सुकी हळदही मला बटाट्यासारखीच वाटायला लागते. परवा तिने फोटो पाठवला. छोटीशी वाटी, फिकट पिवळं दूध, आणि मागे खिडकीत अजून ऊन होतं.

जय जिनेंद्र.