बायकांच्या कोठडीत कोण जाणार?

कॅथलिक चर्चमध्ये बाईने धर्मगुरू व्हावं का, हा वाद आपण ऐकतो. आज त्यातली एक खरी हकिगत सांगते, चेकोस्लोव्हाकियातल्या ब्रनो शहराची.

तिथे कम्युनिस्ट राजवटीने अनेक धर्मगुरूंना तुरुंगात टाकलं. फेलिक्स डाविडेक यांनी १४ वर्षं कैदेत काढली. पुरुष कैद्यांमध्ये धर्मगुरूही असत. ते गुपचूप पापनिवेदन ऐकत, धीर देत. बायकाही कैदेत होत्या, जोगिणीसुद्धा. पण त्यांच्या कोठडीत धर्मगुरू कुठून येणार?

१९६४ साली डाविडेक सुटले, पुढे गुप्त चर्चचे बिशप झाले. डिसेंबर १९७० मध्ये त्यांनी लुडमिला याव्होरोव्हा यांना गुरुदीक्षा दिली. या प्रश्नावरून त्यांच्याच माणसांत फूट पडली. याव्होरोव्हांनी कित्येक वर्षं ही गोष्ट मनातच ठेवली.

रोमने ही दीक्षा वैध मानली नाही. १९९४ साली पोप जॉन पॉल दुसरे यांनी सांगितलं, की येशूने बारा प्रेषित पुरुषच निवडले; स्त्रियांना गुरुदीक्षा देण्याचा अधिकारच चर्चला नाही. दुसरी बाजू मरिया माग्दालेनाकडे बोट दाखवते. येशूच्या पुनरुत्थानाची वार्ता प्रेषितांना तिनेच तर दिली!

रोमचा निर्णय आजही तोच आहे. पण मैत्रिणींनो, ब्रनोतला प्रश्न मानाच्या जागेचा नव्हता. कोठडीतल्या बाईपर्यंत कोण पोहोचणार, एवढाच होता.