नागाची न झालेली बायको

किल्ले, वाडे, शिलालेख आणि मोडी कागद यांच्या रांगेत साप कुठून आला, असं मंडळातले काही जण विचारतीलच. पण बेळगावच्या आजूबाजूला, शहापूर-येळ्ळूरच्या भातशिवारापासून खाली खानापूरच्या रानापर्यंत, जिथं भात आहे तिथं उंदीर आहे, आणि उंदीर आहे तिथं धामण आहे. भाताचा इतिहास लिहायचा आणि धामणीला वगळायचं, हे हिशेबाला धरून नाही. मी मूळचा सिव्हिलचा माणूस. हिशेब जुळला नाही की मला चैन पडत नाही.

सुरुवात नावापासून करू. मराठीत धामण, हिंदीत धामन, बडोदेकरांच्या गुजरातीतही धामणच. आपल्या सीमेवर कानडी शेजारी तिला 'केरे हावु' म्हणतात. ऱ्हस्व 'केरे' म्हणजे तळं आणि दीर्घ 'केरे' म्हणजे धामण. देवनागरीत दोन्ही सारखंच दिसतं, त्यामुळं आपल्यातले बरेच जण तिला 'तळ्यातला साप' समजून बसलेत. हैदराबादच्या मराठी माणसाला तिचं तेलुगू नाव ठाऊक असेल, 'जेर्रिपोतु'. आता गंमत बघा. तेलुगूत 'पोतु' म्हणजे नर. म्हणजे मराठीत जी बाई, ती गोदावरी उतरून तेलंगणात गेली की बाप्या होते!

हा नुसता व्याकरणाचा खेळ असता तर सोडून दिला असता. पण 'धामण' हे नाव स्त्रीलिंगी पडलं आणि गावानं तिचं लग्न नागाशी लावून दिलं. नाग हा नर, धामण ही त्याची मादी, ही समजूत आजही खेड्यात पक्की आहे. तिला जोड मिळाली दुसऱ्या समजुतीची: नाग मारला तर त्याची जोडीदारीण डूख धरते. मग गोठ्यात नाग मारला आणि दोन दिवसांनी तिथंच धामण दिसली, की तीही काठीखाली जाते. खरं म्हणजे दोघं एकाच कारणासाठी तिथं आलेले असतात, वैरणीतल्या उंदरांसाठी. नाग-धामण हे सोयरे नाहीतच. दोघांची कुळं वेगळी. नागाची मादी ही नागीणच, आणि धामणीतही नर-मादी दोन्ही असतात.

शास्त्रज्ञांनी तरी नाव नीट ठेवलं का? तिथंही घोळच. स्वीडनच्या लिनियसनं 1758 साली हिला 'कोलुबर म्युकोसस' म्हटलं. 'म्युकोसस' म्हणजे बुळबुळीत, आणि धामणीचं अंग तर कोरडं, गुळगुळीत असतं. 1843 साली फिट्झिंगरनं 'टायास' ही प्रजाती केली. त्या ग्रीक शब्दाचा अर्थ थुंकणारा साप, आणि धामण थुंकत नाही. पुढं बराच काळ 'टायास म्युकोसस' असं पुल्लिंगी नाव पुस्तकांत चाललं. 2004 साली डेव्हिड आणि इंद्रनील दास यांनी दाखवून दिलं की 'टायास' हा शब्द स्त्रीलिंगी आहे, म्हणून 'म्युकोसा' लिहायला हवं. थोडक्यात, विज्ञानाला व्याकरण सुधारून जिथं पोचायला 2004 साल उजाडलं, तिथं मराठी शेतकरी आधीच पोचला होता. लग्नाचं मात्र त्याचं चुकलं!

पावसाच्या तोंडावर दोन धामणी एकमेकींना पीळ घालून, अर्धं अंग उभं करून डोलताना दिसतात. लोक हात जोडतात, कोणी नवं कापड अंगावर टाकून ते देव्हाऱ्यात ठेवतं. नाग-धामणीचं मिलन म्हणून हे दृश्य सांगितलं जातं. प्रत्यक्षात ते दोन्ही नर असतात आणि ती कुस्ती असते. चावणं नाही, एकमेकाला खाली दाबायचं, बस्स. हरलेला निघून जातो. मादी पुढं साधारण सहा ते पंधरा अंडी घालते.

दूध पिण्याच्या गोष्टीबद्दल जास्त लिहीत नाही. मागं वळलेल्या अणकुचीदार दातांच्या रांगा आणि चोखायला ओठ नाहीत, अशा तोंडानं कोणती गाय आचळाला लागू देईल? शेपटीत विष असतं हेही तसंच. तिच्यात विष कुठंच नाही. डिवचली तर मान फुगवते, घुरघुरल्यासारखा आवाज काढते आणि कडाडून चावते. रक्त येतं, जखम धुवावी लागते, एवढंच. अंगानं मात्र दांडगी. दोन मीटर सहज भरते, साडेतीन मीटरच्या नोंदी आहेत. ओळखायला फणा शोधू नका, कारण घाबरलेला नाग नेहमी फणा काढतोच असं नाही. मोठे गोल डोळे, बारीक मान आणि ओठांच्या खवल्यांवर उभ्या काळ्या रेघा बघा. तेही लांबूनच, आणि शंका असेल तर तो नागच समजा.

आता भाताकडं येतो. शेतातली मोठी घूस-उंदराची जात बीळ पोखरून लोंब्या आत नेऊन साठवते. मांजर बिळाच्या तोंडाशी बसतं, घुबड वरून झडप घालतं. बिळाच्या आत जाऊन शिकार करणारा कोण? साप. धामण दिवसा फिरते आणि उंदीर दिवसा बिळात असतो, म्हणजे वेळही जुळते. इंजिनिअरच्या नजरेनं पाहिलं तर यापेक्षा सोपं यंत्र नाही. तरीही 'शेतकऱ्याचा मित्र' ही पाटी मला थोडी फसवी वाटते. धामण बेडूक भरपूर खाते, पाखरं, अंडी, सरडेही सोडत नाही. ती कुणाची चाकरी करत नाही, पोट भरते.

काही उत्साही मंडळी याहून पुढं जातात. 1896 साली मुंबईत प्लेग आला, पुढच्या काही वर्षांत तो इकडंही पसरला. 1898 साली सिमाँनं उंदराच्या पिसवांकडं बोट दाखवलं. मग धामणी मारल्या नसत्या तर प्लेग थांबला असता, असं म्हणायचं? मला हे पटत नाही. प्लेगचा उंदीर मुख्यतः घराच्या आढ्यात राहणारा, गलबतातून आणि धान्याच्या पोत्यांतून आलेला. शहराच्या दाट वस्तीत धामणीचा इलाज तोकडाच पडला असता. शिवारातली गोष्ट वेगळी.

धामणीवर खरा घाला आला तो कातड्यासाठी. मोठं, मऊ, सलग कातडं, म्हणून पाकिटं-चपला-पट्ट्यांसाठी परदेशात मागणी होती. 1972 चा वन्यजीव कायदा आला आणि 1976 साली निर्यातीवर बंदी आली. तमिळनाडूतल्या इरुळा लोकांचा पिढीजात धंदा त्यानं बुडाला. पुढं 1978 साली त्यांची सहकारी संस्था निघाली, साप जिवंत पकडून विष काढून सोडणारी. त्या नव्या धंद्यात धामणीला जागा नव्हती. विषच नाही तर काढणार काय! पण तिचं कातडं वाचलं.

आपल्याकडं आता कणग्या गेल्या, पोती आली, मळणी यंत्रावर होते. धामण मात्र अजून बांधावरून बांधावर दिवसाढवळ्या जाते, आणि मधला रस्ता आता रुंद झालाय. पहिल्या पावसानंतर सकाळी खानापूर रस्त्यानं गेलात तर डांबरावर चपटी झालेली दिसते. पुढच्या वेळी थांबून ओठांवरच्या त्या काळ्या रेघा बघा. 'नाग मेला' म्हणून गावात सांगितलेले काही साप त्यावरूनच धामणी निघतील.