समुद्रबर्फ

समुद्रबर्फ : समुद्राचे खारे पाणी गोठून समुद्रपृष्ठावर तयार होणारा व तरंगणारा बर्फ. हिमनदीपासून तुटून समुद्रात आलेला हिमनग याहून वेगळा (पहा : हिमनग, हिमनदी).

उत्पत्ती : गोड्या पाण्याची घनता सुमारे ४° से.ला कमाल असते. नेहमीच्या क्षारतेचे समुद्राचे पाणी मात्र गोठेपर्यंत जड होत जाते. थंड झालेले पाणी खाली जात राहते आणि वरचा बराच जाड थर गार झाल्यावरच, सुमारे −१.८° से.ला, ते गोठू लागते. प्रथम बारीक स्फटिक तरंगतात व पाण्यावर तेलकट साय धरल्यासारखी दिसते. लाटांच्या हेलकाव्यांत स्फटिक एकवटून गोल चकत्या बनतात; एकमेकींवर आपटून त्यांचे काठ वर उचलले जातात. पुढे त्या सांधून सलग थर होतो.

वैशिष्ट्ये : बर्फाच्या स्फटिकरचनेत मीठ सामावत नाही. ते दाट लवणद्रवाच्या रूपात बारीक पोकळ्यांत अडकते व हळूहळू खाली झिरपते. म्हणून नवा बर्फ खारट असतो, तर अनेक उन्हाळे टिकलेला बर्फ वितळवून पिता येतो. याच पोकळ्यांत डायटम शैवले वाढतात आणि बर्फाची खालची बाजू तपकिरी दिसते.

महत्त्व : बाहेर पडलेल्या मिठाने खालचे पाणी जड होते, अंटार्क्टिकाभोवती, विशेषतः वेडेल समुद्रात, ते तळाशी जाऊन हिंदी महासागरापर्यंत पसरते (पहा : महासागरी अभिसरण). ताज्या हिमाने झाकलेला बर्फ ८०% हून अधिक सूर्यप्रकाश परावर्तित करतो, उघडा समुद्र १०% हून कमी. आर्क्टिकमधील सप्टेंबरचा विस्तार २०१२ मध्ये सुमारे ३४ लाख चौ. किमी. होता, १९७९ पासूनच्या उपग्रह-नोंदींतील हा नीचांक आहे.