हेन्रीसाहेबाचे पिस्तूल

भागोजी नाईकावर कादंबरी लिहायचे मी मनावर घेतले, तेव्हाची ही हकिकत. आमच्या जिल्ह्याच्या उत्तर भागात (जिल्ह्याला आता अहिल्यानगर म्हणायचे, पण तोंडात अजून नगरच येते) हे नाव अद्याप विसरलेले नाही. इंग्रजांच्या पोलिसांत नोकरी केलेला हा भिल्ल नाईक 1857 साली डोंगरात शिरला. त्याच ऑक्टोबरात नांदूर-शिंगोट्याच्या चकमकीत नगरचा पोलीस अधिकारी लेफ्टनंट हेन्री ठार झाला. पुढे त्याच्या जागी आलेल्या साउटरने दोन वर्षे पाठलाग करून 1859 च्या नोव्हेंबरात भागोजीला गाठले, आणि त्या लढाईत भागोजी पडला.

अशा वेळी कोणीतरी कानावर घातले की संगमनेरकडच्या एका वाडीत खुद्द हेन्रीसाहेबाचे पिस्तूल आहे, आणि म्हातारा ते विकणार आहे. कादंबरीकाराची काय अवस्था झाली असेल, ते वाचकांनीच ताडावे. एका रविवारी मी एस. टी.ने वाडी गाठली.

म्हाताऱ्याने कांबळ्याच्या घडीतून वस्तू काढून माझ्यापुढे ठेवली. "गुरुजी, आमचा खापरपणजा भागोजीबरोबर होता. साहेब पडला तेव्हा त्यानं हे उचललं. सव्वा लाख द्या." नातीला नर्सिंगला घालायचे होते, फी त्याच सुमाराची होती. मागणे लबाडीचे नव्हते. गोष्ट खरी असती तर ती किंमत मला थोडीच वाटली असती.

पण पहिल्याच नजरेला मन खट्टू झाले. चाप, घोडा, सहा घरांचे चाक, सारे होते. परंतु कळ दाबताच नळी पुढे वाकली आणि चाकाची मागची बाजू उघडी झाली. मागून पितळी काडतुसे भरायची ही तऱ्हा. 1857 सालचे रिव्हॉल्व्हर म्हणजे टोपीच्या बंदुकीचेच भावंड. कोल्टने अमेरिकेत 1836 साली पेटंट घेतले; लंडनच्या 1851 च्या प्रदर्शनात त्याची आणि ॲडम्सची हत्यारे मांडली गेली, आणि बंडाच्या काळात गोऱ्या अधिकाऱ्यांच्या कमरेला तीच आली. त्यांच्या चाकाच्या प्रत्येक घरात समोरून दारू आणि गोळी ठासायची, मागे तांब्याची टोपी बसवायची. नळी मोडून उघडणारे वेब्ली इंग्रज सैन्याने 1887 साली स्वीकारले. हेन्रीला जाऊन तेव्हा तीस वर्षे झाली होती.

तरी आशा सुटेना. मी ओसरीच्या उजेडात भिंग लावले. डाव्या अंगाला अक्षरे होती, पण इतकी झिजलेली की 'मार्क' आणि त्यापुढचा रोमन सहाचा आकडा तेवढा लागला. हा सहावा नमुना 1915 चा, पहिल्या महायुद्धातला. अक्षरे का झिजली, असे विचारले तर म्हातारा अभिमानाने म्हणाला, "दर खंडेनवमीला चिंच आणि राख लावून लख्ख करतो!" पोलादावरची मूळ काळीनिळी झाक अर्धीमुर्धी उरली असली तरी जाणकार तिचे पैसे मोजतो; चकचकीत केलेल्या हत्याराकडे तो पाठ फिरवतो. आपल्याकडे शस्त्राची पूजा होते, आणि त्या पूजेतच त्याचा दाखला पुसला जातो!

इंग्लंडात प्रत्येक हत्यार विकण्याआधी जास्त दारू भरून उडवून पाहतात आणि टिकले तर त्यावर छाप मारतात. लंडन आणि बर्मिंगहॅम येथे त्यासाठी परीक्षागृहे आहेत. बर्मिंगहॅमचे 1813 पासूनचे. तसे मुकुटाचे छाप चाकावर दिसत होते. तेव्हा खैबरकडल्या दऱ्यात घडवलेली नक्कल ही नव्हे. तसल्या नकलांवरच्या इंग्रजी अक्षरांत पुष्कळदा चुका सापडतात. मात्र सांगाड्यावरचा आकडा एक आणि चाकावरचा दुसरा निघाला. म्हणजे चाक कोठल्या तरी दुसऱ्या हत्याराचे. अशा जोडकामाची किंमत आणखी खाली येते. उलट मूळ लाकडी पेटी, गोळ्या ओतायचा साचा, धन्याचे कोरलेले नाव, यांपैकी काही बरोबर असते तर ती वर गेली असती. आणि कागद? 1878 च्या हत्यारबंदी कायद्यानंतर हिंदी माणसाला परवान्यावाचून हत्यार बाळगता येत नसे. सही-शिक्क्याचा एखादा जुना परवाना ट्रंकेत असता, तर हे हत्यार या घरात कसे आले ते कळले असते. ट्रंकेत सातबाराचे उतारे तेवढे होते.

खरी अडचण पुढेच होती. 1959 च्या शस्त्र कायद्यात जुनाट किंवा मोडक्या हत्याराला सूट आहे, पण दुरुस्त करूनही ते उडवता येणार नसेल तरच. हे तर थोड्या तेलपाण्यानेही चालले असते. शंभर वर्षे झाली म्हणून ते शोभेची वस्तू ठरत नाही. परवान्यावाचून म्हाताऱ्याने ते ठेवणे गुन्हा, मी घेणेही गुन्हा. बाजारात त्याला काहीही भाव असो, माझ्या लेखी तो शून्य होता.

हे सांगायला मला तासभर लागला. मुलांना नापास झाल्याचे सांगताना जीभ अडखळत नाही, तेथे अडखळली. म्हातारा बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "म्हंजे खापरपणजा भागोजीबरोबर नव्हता?"

"तसं मी कुठं म्हटलं, बाबा? असेलही. पण हे पिस्तूल त्याची साक्ष देत नाही."

दुसऱ्या आठवड्यात एका परिचित वकिलांना बरोबर घेऊन आम्ही दोघे ठाण्यात गेलो आणि हत्यार रीतसर जमा केले. नातीच्या फीसाठी कोणत्या शिष्यवृत्तीचा अर्ज करायचा, ते मी शाळेच्या कारकुनाकडून काढून दिले; सव्वा लाखाच्या मानाने फारच थोडे. परतताना एस. टी.च्या थांब्यावर म्हाताऱ्याने विचारले, "गुरुजी, आता खंडेनवमीला पाटावर काय मांडू?"

"कोयता मांडा," मी म्हणालो.

"तो तर मांडतोच की," तो म्हणाला, आणि एस. टी. आली.