सुटण्यासाठीच लावलेला रंग

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरातल्या डेंटिंग-पेंटिंगच्या कुठल्याही शेडमध्ये रंगाची एकच परीक्षा असते: तो सुटता कामा नये. पत्रा घासायचा, लांबी भरायची, पुन्हा घासायचं, प्रायमर मारायचा, पाण्यात भिजवलेल्या पॉलिश पेपरनं तो गुळगुळीत करायचा आणि मग रंगाचे हात द्यायचे. एवढं करूनही दोन पावसाळ्यांत बॉनेटच्या कडेला पापुद्रा धरला, तर गिऱ्हाईक गाडी घेऊन परत येतं आणि पेंटरचं नाव जातं.

एक रबरी रंग मात्र नेमक्या उलट परीक्षेला बसतो. गाडीच्या क्रोमच्या जाळीवर, कंपनीच्या लोगोवर, चाकांवर तो डब्यातून फवारायचा. ऊन, पाऊस आणि दर आठवड्याची धुलाई सोसून तो टिकला पाहिजे. आणि मालकाच्या मनात आलं की एका टोकाला नख लावून ओढल्यावर सालीसारखा अखंड निघालाही पाहिजे. खालचं क्रोम जसं होतं तसं. ‘प्लास्टी डिप’ हे या प्रकारातलं सर्वांत गाजलेलं नाव. जर्मनीची फोलियाटेक आणि अमेरिकेतली रस्ट-ओलियम याही कंपन्या असे स्प्रे विकतात.

रंगाचा इतिहास बहुतेक ठिकाणी चिकटण्याचा इतिहास म्हणून सांगितला जातो. या रंगाचं कूळ मात्र न चिकटणाऱ्या पदार्थांचं आहे, आणि त्याची सुरुवात एका फसलेल्या गोंदापासून करावी लागते.

१९२६ साली अमेरिकेच्या ओहायो राज्यातल्या अॅक्रन शहरात, बी. एफ. गुडरिच या टायर कंपनीत, वॉल्डो सेमन नावाचा तरुण रसायनतज्ज्ञ धातूवर रबर पक्कं बसवणारा पदार्थ शोधत होता. त्यासाठी त्यानं पीव्हीसी हाताशी घेतलं. तेव्हा पीव्हीसी म्हणजे कडक, ठिसूळ आणि कुणालाच नको असलेली भुकटी. ती त्यानं अतिशय उष्णतेला उकळणाऱ्या एका द्रावकात तापवली. थंड झाल्यावर हाती आला तो वाकणारा, ताणला जाणारा, रबरासारखा पदार्थ. धातूला रबर चिकटवण्याचं मूळ काम त्याच्याकडून झालं नाही. पण त्यातून पाणी जात नव्हतं आणि तो सहजी कुजतही नव्हता. पुढे त्याचे रेनकोट झाले, न्हाणीघराचे पडदे झाले, विजेच्या तारांची आवरणं झाली. गोंद म्हणून नापास झालेला हा पदार्थ सोलून निघणाऱ्या रंगांच्या घराण्यात मूळपुरुषाच्या जागी बसतो.

या घराण्याला खरं काम मिळालं ते दुसऱ्या महायुद्धात. विमानांच्या इंजिनांचे सुटे भाग, बेअरिंग, गिअर असा मशीनवर तासून चकचकीत केलेला माल जहाजांतून समुद्रापार जायचा आणि खारट हवेत गंजायचा. कोल्हापुरात हे दुखणं कुणाला समजावून सांगावं लागत नाही. शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या औद्योगिक वसाहतींतल्या फाउंड्र्यांचं कास्टिंग मशीनिंग होऊन बाहेर पडलं, की पहिली धास्ती गंजाचीच असते. पावसाळ्यात तर उघड्या लोखंडावर रात्रीतून तांबूस झाक येते. आज त्यावर गंजरोधक तेल आणि खास प्लास्टिकच्या पिशव्या आहेत. युद्धकाळात दाट ग्रीस फासत. पण ते पुसून काढण्यात माणसं आणि तास खर्ची पडायचे, आणि तिकडे इंजिन ताटकळत राहायचं.

त्यावर जो तोडगा निघाला तो फार हुशारीचा होता. इथाइल सेल्युलोज हे लाकडाच्या लगद्यापासून बनणारं प्लास्टिक खनिज तेलात मिसळून वितळवायचं आणि सुटा भाग त्या गरम रसात बुडवून बाहेर काढायचा. काही क्षणांत त्यावर जाड, लवचिक कातडं धरायचं. त्यातलं तेल हळूहळू आतल्या बाजूनं पाझरायचं. त्या पातळ थरामुळे लोखंड गंजायचं नाही, आणि त्याच थरामुळे कातडं लोखंडाला चिकटायचंही नाही. आघाडीवरच्या मेकॅनिकनं चाकूनं एक चीर द्यायची आणि आवरण सोलून भाग थेट इंजिनात बसवायचा. उद्यमनगरातल्या वर्कशॉपमध्ये नव्या एंड मिलच्या किंवा ड्रिलच्या धारेवरून जे मेणचट, पारदर्शक टोपण सोलून काढतात, ते याच कुळातलं.

युद्ध संपलं तेव्हा अमेरिकी नौदलाकडे सुमारे २,००० जहाजं जास्तीची होती. मोडीत काढावी तर उद्या पुन्हा लागतील, उघडी ठेवावी तर गंजतील. तेव्हा ती गोद्यांमध्ये आणि नद्यांच्या मुखांशी रांगेनं नांगरून झाकून ठेवण्याचा घाट घातला गेला. डेकवरच्या तोफांभोवती सांगाडे आणि जाळ्या उभारून त्यावर व्हिनाइलचा फवारा मारत. या फवाऱ्याची खुबी अशी, की हवेत उडतानाच त्याचे लांब तंतू होत आणि ते मोकळ्या जागा ओलांडून एकमेकांत विणले जात. त्यावर मग व्हिनाइलचे अखंड थर. आतली हवा यंत्रानं कोरडी ठेवायची. तोफ पुन्हा लागली, की सुरीनं कापून आवरण काढायचं. उत्पादनाचं नाव होतं ‘ककून’, म्हणजे कोष.

हा कोष बनवणारी आर. एम. हॉलिंग्सहेड ही न्यू जर्सीतल्या कॅम्डेनची कंपनी मुळात मोटारींची पॉलिशं आणि तेलं विकणारी. मोटारीत बसून सिनेमा पाहण्याचं पहिलं ड्राइव्ह-इन थिएटर १९३३ साली याच घरातल्या धाकट्या रिचर्ड हॉलिंग्सहेडनं कॅम्डेनजवळ उघडलं होतं. मोटारींच्या धंद्यातून निघालेलं हे तंत्र जहाजांवर गेलं आणि काही दशकांनी त्याचा दूरचा वंशज पुन्हा मोटारींवर येऊन बसला, हा या कुळकथेतला सर्वांत सुंदर फेरा म्हणावा लागेल.

मधल्या काळात या पदार्थानं चित्रविचित्र संसार केले. जहाजांच्या कोषाचं छायाचित्र वर्तमानपत्रात पाहून जॉर्ज नेल्सन या अमेरिकी डिझायनरला दिव्याची कल्पना सुचली. तारेच्या सांगाड्यावर तोच फवारा मारून त्यानं १९४७ च्या सुमारास पांढरे, फुगीर बबल लॅम्प घडवले. ते आजही विकले जातात. मोटार कारखान्यांतल्या रंगखोल्यांच्या भिंतींवर सोलून निघणारा लेप मारण्याची पद्धत पडली. उडालेला रंग त्यावर साचतो आणि लेप ओढला की भिंत कोरी होते. लंडनच्या सेंट पॉल्स कॅथीड्रलच्या आतल्या भिंतींवर शतकांची काजळी होती. या शतकाच्या सुरुवातीला त्यांवर लॅटेक्सचा लेप देऊन तो मळासकट सोलून काढण्यात आला. पाण्याचे फवारे न मारता दगड उजळला.

घरगुती वापराची वाट उघडली ती हत्यारांच्या मुठींमुळे. १९७२ साली मिनेसोटा राज्यात प्लास्टी डिपचा धंदा सुरू झाला. डब्यात पातळ रबर, त्यात पक्कड किंवा पान्याची मूठ बुडवायची, सावकाश वर काढायची, टांगून वाळवायची. हाताला घट्ट पकड येते आणि हिवाळ्यात लोखंड बोटांना चावत नाही. इथे रबर शिजवावं लागत नव्हतं. गंधक घालून उष्णतेनं रबर पक्कं करण्याची चार्ल्स गुडइयरची १८३९ सालापासूनची रीत या घरगुती कामाला लागूच नव्हती. रबर द्रावकात विरघळलेलं असतं, द्रावक उडून जातो आणि मागे रबर उरतं, इतकंच.

राहिला प्रश्न बुडवता न येणाऱ्या वस्तूंचा. त्याचं उत्तर दुसऱ्याच घरात तयार होतं. १९४९ साली इलिनॉयमधल्या सिकॅमोर गावच्या एडवर्ड सेमूर या रंगविक्रेत्यानं रंग आणि दाबाखालचा वायू एकाच डब्यात भरला. ही सूचना त्याच्या पत्नीची, बॉनीची. ॲल्युमिनियम रंगाचा नमुना गिऱ्हाइकांना दाखवायला सोपं जावं, एवढाच हेतू होता. हा स्प्रेचा डबा आणि मुठींचं रबर एकत्र आले, तेव्हा मोटारीवर रबर मारण्याची सोय झाली.

पण मोटारीला याची गरज का पडली? एकेकाळी क्रोम म्हणजे वैभव. झटपट वाळणारा ड्युको रंग आणि क्रोमचा मुलामा हे दोन्ही मोटारींवर आले ते १९२० च्या दशकात, आणि पुढची पन्नास वर्षं चकाकी म्हणजेच श्रीमंती हे समीकरण पक्कं झालं. कोल्हापूरला चकाकीचं वावडं कधीच नव्हतं. हुपरीची चांदी याच जिल्ह्यातली. छत्रपती राजाराम महाराजांची भगवी मेबॅक मोटार शाही दसऱ्याला दसरा चौकात येते, तेव्हा पाहणाऱ्यांचे डोळे तिच्यावरच खिळतात. गेल्या पंधराएक वर्षांत मात्र तरुणांची नजर काळ्याकडे वळली. टाटा मोटर्सनं २०१९ मध्ये हॅरियरची ‘डार्क एडिशन’ बाजारात आणली, तेव्हा कारखान्यानंच या आवडीवर शिक्का मारला. ज्यांच्या गाडीला चंदेरी जाळी आहे आणि जी काळी हवी आहे, त्यांना क्रोम खरवडायचं नाही. गाडी विकताना ते परत हवंच असतं. म्हणून रबराचा डबा.

या रंगाचं शास्त्र एका तुलनेत मावतं: थराची स्वतःची ताकद ही त्याच्या खालच्या पृष्ठभागाशी असलेल्या पकडीपेक्षा जास्त हवी. तसं असेल तर ओढल्यावर थर फाटत नाही, सुटतो. यामुळेच नेहमीच्या रंगकामाचे काही नियम इथे उलटतात. पृष्ठभाग खरखरीत करायचा नाही आणि प्रायमरही लावायचा नाही. पेंटर ज्या जाडीला नावं ठेवील ती इथे गुण ठरते. एकदोन पातळ हातांवर थांबलेला माणूस सहा महिन्यांनी नखानं तुकडे उकरत बसतो. चारपाच हात दिलेल्याचा थर अखंड येतो. पातळ राहिलेला थर काढायचा असेल तर त्यावरच आणखी दोन हात मारावेत, वाळू द्यावेत आणि मग जुनं-नवं एकदम ओढावं. मास्किंग टेप शेवटचा हात ओला असतानाच काढायची, नाहीतर टेपबरोबर कडही उचलली जाते. लोगोभोवती मात्र टेप नाही लावली तरी चालतं. रबर वाळलं, की लोगोच्या कडेनं दाबून आजूबाजूचं सोलून टाकता येतं.

कोल्हापूरच्या हवेत याचा हंगाम दसऱ्यानंतर सुरू होतो. जून ते सप्टेंबर दमट हवेत फवारा मारला, तर उडणारा द्रावक पृष्ठभाग थंड करतो, त्यावर हवेतली वाफ धरते आणि काळ्या रबरावर पांढुरकी झाक येते. दुपारच्या उन्हात तापलेल्या पत्र्यावर मारलं तर रबर टेकायच्या आधीच सुकून दाणेदार होतं. सकाळची कोरडी वेळ उत्तम. दसऱ्याला गाडी पुजताना हळद-कुंकू या मॅट थरावर लावू नये. गुळगुळीत रंगावरून कुंकू पुसलं जातं. इथे ते बारीक खड्ड्यांत जाऊन बसतं आणि पॉलिश करून काढायची सोयही नाही. पूजा काचेवर किंवा बॉनेटच्या मूळ रंगावर करावी.

पेट्रोल हा या रबराचा शत्रू. टाकीच्या झाकणाभोवती मारलं तर सांडलेल्या थेंबांनी ते मऊ पडून ओघळतं. उत्पादक सांगतात ती उष्णतेची मर्यादा सुमारे ९३ अंश सेल्सियसची आहे, त्यामुळे सायलेन्सरच्या टोकाला हा रंग देण्यात अर्थ नाही. आयुष्य साधारण तीन वर्षं. त्यानंतर रबर कडक होत जातं आणि अखंड निघण्याचा मूळ गुणच हरवतो. म्हणून छान दिसत असलं तरी मुदतीत काढून पुन्हा मारणं शहाणपणाचं.

जाळी, लोगो, चाकं एवढ्यापुरतं हे काम घरचं आहे. सगळी गाडीच वेगळ्या रंगात झाकायची झाली तर गोष्ट बदलते. गाडीचा रंग आरसी बुकात नोंदलेला असतो, आणि रंग सोलता येतो एवढ्यावरून नोंद करण्यातून सुटका होत नाही. त्यासाठी एमएच ०९ च्या मालकानं आधी आरटीओत जावं. दिवे, इंडिकेटर, रिफ्लेक्टर आणि नंबरप्लेट यांवर काळा किंवा धुरकट कसलाही थर नको. रात्री गगनबावड्याच्या किंवा आंबा घाटाच्या धुक्यात मागच्या गाडीला तेवढंच दिसतं.

हात लावण्याआधी एक गोष्ट मनावर घ्यावी. या डब्यात नॅप्था, टोल्युइन यांसारखे द्रावक असतात. त्यांची वाफ डोक्यात चढते आणि ठिणगीनं पेटते. कोरोनाकाळातला कापडी किंवा एन-९५ मास्क ती वाफ अडवत नाही; त्यासाठी कोळशाच्या कार्ट्रिजचा मास्क लागतो. शटर ओढलेल्या गॅरेजमध्ये किंवा अपार्टमेंटच्या तळघरातल्या पार्किंगमध्ये हे काम करू नका, जवळ गॅस किंवा उदबत्ती नको, लहान मुलांना दूर ठेवा. आणि सोललेलं रबर शेकोटीत टाकू नका. गुंडाळून सुक्या कचऱ्यात द्या.

पहिल्यांदा करणाऱ्यांनी जाळीला हात घालू नये. मागच्या दारावरचा छोटा लोगो घ्यावा, तो आधी शाम्पूनं धुऊन पूर्ण कोरडा करावा, आणि पाच हात देऊन रात्रभर तसाच सोडावा.