फुएन्ते ओबेखुना : गाव, बंड आणि स्मृती

स्पेनमधील कोर्दोबा प्रांताच्या वायव्य भागात, सिएरा मोरेनाच्या परिसरात, फुएन्ते ओबेखुना हे गाव एका टेकडीवर वसले आहे. भोवती सदाहरित ओकची विरळ कुरणराने आहेत. ओकच्या फळांवर पोसलेली डुकरे, मेंढ्या, धान्यशेती आणि मध हे येथील अर्थकारणाचे जुने आधार होत. मधाचा संबंध रोमन काळापर्यंत पोहोचतो. जवळच्या रोमन वस्तीचे मेल्लारिया हे नाव ‘मध’ या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून आले असून, गावाचे आजचे नावही मूळ ‘मधमाश्यांचा झरा’ असावे, असे मानले जाते. पुढे ध्वनिसाम्यामुळे त्यात मेंढी शिरली. एकोणिसाव्या शतकात ग्वादियातो खोऱ्यात कोळशाच्या खाणी भरभराटल्या; त्या मंदावल्यावर विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात स्थलांतराने गाव ओसरले.

या गावाची कीर्ती मात्र एप्रिल १४७६ मधील एका रात्रीवर उभी आहे. त्या रात्री गावकऱ्यांनी कालात्राव्हा या लष्करी धर्मसंघाचा अधिकारी फेर्नान गोमेस दे गुस्मान याला ठार केले. चौकशीत छळ होऊनही प्रत्येकाने मारेकरी म्हणून केवळ गावाचेच नाव सांगितले, अशी परंपरा आहे. रादेस इ आंद्रादा याच्या १५७२ च्या बखरीत हा वृत्तांत येतो. तिच्याच आधारे लोपे दे व्हेगाने रचलेले नाटक १६१९ मध्ये छापले गेले. परंतु घटनेचा समकालीन इतिहासकार आलोन्सो दे पालेन्सिया मृत अधिकाऱ्याविषयी सहानुभूती दाखवतो. शिवाय गावाच्या मालकीवरून कोर्दोबा शहर आणि धर्मसंघ यांच्यात जुना तंटा होता. बंडामागे शहराची फूस होती, याकडे आधुनिक संशोधन लक्ष वेधते. म्हणजे एकाच घटनेत जुलमाविरुद्धचा उद्रेक आणि सत्तास्पर्धा यांची गुंतागुंत आहे.

लोपेच्या नाटकात शेवटी राजसत्ता क्षमा करते आणि सुव्यवस्था पूर्ववत होते. १९३३ मध्ये लोर्काच्या ‘ला बार्राका’ नाट्यसंस्थेने राजा-राणीचा भाग वगळला. तेव्हा त्याच संहितेतून लोकशक्तीचे नाटक उभे राहिले. १९३५ मध्ये मार्गारिता शिर्गू हिच्या मंडळीने गावच्या चौकातच प्रयोग केला. १९९२ पासून तर गावकरी स्वतःच हे नाटक सादर करू लागले.

येथे तौलनिक अभ्यासाला महत्त्वाचा प्रश्न भेटतो. गावाने नाटकाला कथा दिली, की नाटकाने गावाला स्मृती दिली? रंगमंचावरील गावकरी ज्या पूर्वजांची भूमिका करतात, ते दप्तरांपेक्षा माद्रिदच्या एका नाटककाराकडून त्यांच्यापर्यंत आले आहेत. तथापि ही स्मृती उसनी म्हणून खोटी ठरत नाही. खाणी गेल्या, माणसे पांगली. अशा वेळी सामूहिक उत्तराची ती कथा उरलेल्यांना एकत्र आणते. परंपरेचे सामर्थ्य केवळ तिच्या उगमात नसते. ती कोण, कशासाठी जपतो, यातही ते असते.